मार्चअखेरचा ओला बर्फ: अकरानंतर स्की धरली जाते, तेव्हा नेमकं काय करायचं?

फुटाळ्याचा_वारा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरचे पाच जण गुलमर्गला चाललो आहोत. दोघांचा बेसिक कोर्स झाला आहे, तोही जानेवारीतल्या कोरड्या बर्फावर. बाकी तिघांना स्नोप्लाऊ (स्कीची टोकं जवळ, टाचा लांब असा व्ही करून वेग रोखणं) आणि साधं वळण येतं, त्यापुढे नाही. जाऊन आलेले सगळे एकच सांगतात: सकाळी नऊला काच, बाराला चिखल, आणि मधेच कुठेतरी स्की अशी धरली जाते की माणूस थेट नाकावर.

विचारायचं एवढंच. एक, दिवसातली नेमकी कोणती वेळ धरायची? यूट्यूबवर जे सांगतात ते सगळं आल्प्सचं असतं, ते आपल्याकडे लागू पडतं का? दोन, पायांनी वेगळं काय करायचं? तीन, भाड्याच्या स्कीला वॅक्स लावून काही फरक पडतो का? आणि चार, थांबायचं कधी? "मजा येईल, जा बिनधास्त" हे घरच्यांनी सांगून झालेलं आहे.

धंतोलीकर

आधी बर्फ समजून घ्या, पायांचं नंतर.

वसंतात दिवसा वरचा थर वितळतो, पाणी कणांच्या मधे शिरतं आणि रात्री गोठतं. असं काही दिवस लागोपाठ झालं की ताज्या बर्फाचे टोकदार कण जातात आणि १ ते ३ मिलिमीटरचे गोल दाणे उरतात. हे दाणे एकमेकांना बर्फानेच जोडलेले असतात, म्हणून सकाळी सगळं मिळून एक लादी. ऊन लागलं की आधी दाण्यांमधले सांधे सुटतात, दाणा शाबूत राहतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे आणि त्याखाली टणक, अशी ती अवस्था. खिचडीसाठी भिजवलेला साबुदाणा बोटांत दाबून पाहतो, दाणा मऊ पण सुटा, तसंच. स्कीवाले याला कॉर्न म्हणतात आणि याच्यासाठीच लोक वसंतात जातात. आणखी तासाभराने तोच साबुदाणा पाणी जास्त झाल्यासारखा लगदा होतो. एका उतारावर ही चांगली वेळ तास-दीड तासाची, फार तर दोन तास.

इथे एक फसगत होते. पश्चिमी झंझावात मार्चमध्येही येतात आणि गुलमर्गला ताजा बर्फ टाकून जातात. त्या ताज्या बर्फावर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं तर कॉर्न मिळत नाही, सरळ लगदा मिळतो, कारण दाणा अजून तयारच झालेला नसतो. म्हणजे "मार्च आहे, कॉर्न असणारच" असं नाही. मागच्या चार-पाच दिवसांत काय पडलं आणि रात्री गोठलं का, हे विचारून मगच दिवस ठरवा.

रात्र महत्त्वाची, ती कशी ते सांगतो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि ते पाणी परत गोठताना तेवढीच उष्णता बाहेर जावी लागते. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग ती सरळ वर फेकतो. हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग असले की ते गोधडीसारखं काम करतात आणि बर्फ रात्रभर ओलाच राहतो. म्हणून झोपण्याआधी तापमान बघण्यापेक्षा तारे दिसतात का ते बघा. सकाळी पोलचं, म्हणजे हातातल्या काठीचं, टोक जोरात खाली मारा. कवच पाच-सात सेंटिमीटर जाड असेल आणि बूट आत जात नसेल तर रात्र नीट गोठली. पोल सरळ घुसला तर त्या दिवशी कॉर्न नाही. ओल्या बर्फाचा दिवस म्हणूनच बाहेर पडायचं, तेही कमी उतारावर.

आता घड्याळ. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. गुलमर्ग ७४.४ अंशांवर, म्हणजे सूर्य तिथे घड्याळाच्या अर्धा तास मागे. मार्चअखेर तिथली खरी दुपार बारा वाजून पस्तीस-चाळीस मिनिटांच्या आसपास होते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात, तिथले आकडे आणखीच वेगळे. दुसऱ्याची वेळ उचलू नका, खरी दुपार धरून मोजा.

सूर्याची उंचीही निराळी. गुलमर्ग ३४ अंश उत्तरेला, मार्चअखेर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. आल्प्समध्ये त्याच दिवशी ४६-४७. याचा परिणाम उत्तरेकडच्या उतारांवर दिसतो. युरोपातले लोक सांगतात, "दुपारी उत्तरेच्या उताराला जा, तिथे कोरडा बर्फ टिकतो." २५ अंशांच्या उत्तर उतारावर तिकडे ऊन जेमतेम २१-२२ अंशांनी घासून जातं, आपल्याकडे ३३ अंशांनी लागतं. आपल्याकडे उत्तर उतार टिकतो, पण तेवढा नाही.

क्रम मात्र तोच: पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, शेवटी उत्तरेचा. फोनमधलं होकायंत्र काढा, उताराच्या खालच्या दिशेला तोंड करून उभे राहा आणि दिशा वाचा. सूर्याच्या मागे मागे उतार बदलत गेलात तर चांगली वेळ तीन-चार तास ताणता येते.

उंचीचाही हिशेब धरा. गुलमर्गचं मैदान साधारण २६५० मीटर, गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरी ३०५० च्या आसपास, दुसरा अफरवटवर ३९५० च्या आसपास. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले तर तळ आणि माथा यांत आठ अंशांचा फरक पडतो. खाली लगदा असताना कोंगदोरीला अजून चांगलं असू शकतं. तुम्ही पाच जणांनी दुसऱ्या टप्प्यावरून स्कीवर उतरायचा विचार मात्र सोडा. तो उतार बेसिक कोर्सवाल्यांचा नाही, बर्फ कसाही असो.

कूलरची_ताटी

धंतोलीकरांच्या मुद्द्यात एक भर. तापमानापेक्षा हवेचा कोरडेपणा जास्त बोलतो, आणि नागपूरकराला हे पटवून द्यावं लागू नये. मे महिन्यात कूलर खोली गार करतो, जुलैत तोच कूलर नुसता दमट वारा टाकतो. बर्फाचंही तेच. हवा ४ अंश पण आर्द्रता ३० टक्के असेल तर बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड पडतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर तिथे शून्याखाली दाखवेल. सावलीतला बर्फ अशा दिवशी दुपारपर्यंत कोरडा राहतो. उलट हवा २ अंशच, पण ढग आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर सकाळी नऊपासूनच सगळं गचगचीत. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाबरोबर आर्द्रता आणि वाराही बघा. कोरडा वारा असेल तर निघायची वेळ अर्धा-एक तास उशिरा धरा.

एज_आणि_उतार

तंत्राकडे येतो. जानेवारीत शिकलेलं सगळं उपयोगी आहे. बदलतात ती प्रमाणं आणि वेग.

वजन. टणक बर्फावर वळणाच्या बाहेरच्या पायावर जवळजवळ सगळं वजन टाकायला शिकवतात. ओल्या बर्फात तसं केलं की ती एकटी स्की खोल रुतते, हलकी स्की वरच्या वर तरंगते, आणि दोन पाय दोन वेगांनी चालायला लागतात. साधारण ६०-४० धरा. पाय थोडे जवळ घ्या, दोन बुटांमध्ये एक मूठ मावेल एवढं अंतर. दोन्ही स्की मिळून एकच फळी आहे असं समजून चालवा.

वळणाची सुरुवात. इथेच लोक पडतात. कोरड्या बर्फावर टाच झटकून स्की फिरवता येते. ओला बर्फ बाजूने ढकलायला फार जड असतो. झटका दिला की टोक अडकतं आणि शरीर पुढे जातं. म्हणून पाय मुरगाळायचा नाही, कलता करायचा. घोटे आणि गुडघे हळूहळू वळणाच्या आत न्या आणि स्की आपणहून उताराच्या रेषेत येईपर्यंत थांबा. मनात एक-दोन-तीन मोजा. एकला कलायचं, दोनला स्की उताराकडे, तीनला दाब. नवशिका दोनच्या क्षणाला घाबरतो, कारण तेव्हा स्की सरळ खाली बघत असते, आणि तिथेच तो टाच मारतो. खरं तर त्या क्षणी हा बर्फ स्वतःच ब्रेक लावत असतो. जानेवारीच्या टणक उतारावर जेवढा वेग आला असता त्याच्या निम्माही इथे येत नाही.

दाब. एकदम नाही, वाढवत न्यायचा. पातळ कणीक मळताना पाणी जसं थोडंथोडं घालतो तसा. वळणाच्या शेवटी जोरात एज, म्हणजे स्कीची धातूची कड, मारली तर वरचा मऊ थर कापून जातो आणि खालून पाय निसटतो.

वळणाचा आकार. झेडसारखं टोकदार नको, सीसारखं गोल हवं. पण पूर्ण आडवं जाऊ नका. उताराला आडवं गेलात की वेग संपतो, स्की बुडते आणि पुढचं वळण सुरू करायला वेगच उरत नाही. ओल्या बर्फात थोडा वेग हाच तोल असतो. चिखलात सायकल घातली की पॅडल थांबवायचं नसतं, तसं.

आता धरली जाण्याचं. हे बहुतेक वेळा सावली आणि ऊन यांच्या सीमेवर होतं. सावलीतल्या टणक बर्फावरून वेगात आलात आणि पुढे उन्हातला ओला पट्टा लागला की स्कीचा वेग एकदम घटतो, तुमचा नाही. त्यामुळे पुढचे वीस मीटर बघत चला. चकाकी बदलली, रंग थोडा राखाडी दिसला की तिथे पाणी आहे. पट्टा यायच्या आधीच तीन गोष्टी करा. एक पाय अर्ध्या बुटाइतका पुढे सरकवा, म्हणजे पुढे-मागे पाया लांब होतो. गुडघे आणि घोटे मऊ ठेवा. हात पुढे, मुठी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतील इतके. त्या पट्ट्यात वळायचं नाही, सरळ पार व्हायचं. झाडांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी पडलेल्या असतील तर तो उतार दुपारी टाळलेलाच बरा.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या वळणांनी बर्फाचे ढीग होतात. ढिगांमधल्या नाल्यांत शिरू नका, तिथे खाली टणक आणि बाजूंनी जड असतं. ढिगाच्या माथ्यावर वळण घ्या, तिथे स्कीची टोकं मोकळी असतात आणि पलीकडची बाजू मऊ गादी होते.

स्नोप्लाऊवाल्या तिघांसाठी वेगळं सांगतो. ओल्या बर्फात मोठा व्ही केला की दोन्ही आतल्या एज रुततात आणि स्की एकमेकींवर चढतात. व्ही लहान ठेवा, टाचा बाहेर ढकलायचा जोर कमी करा. थांबायचं असेल तर व्ही मोठा करण्याऐवजी हळूच एका बाजूला वळून चढाच्या दिशेने जा. बर्फ आपोआप थांबवेल. पडलात तर आधी स्की उताराला आडव्या करा. उठताना पोलवर जोर दिला तर तो कोपरापर्यंत आत जातो, म्हणून दोन्ही पोल फुलीसारखे बर्फावर आडवे ठेवा आणि त्या फुलीवर तळहात टेकून उठा.

भाऊ_सदरवाले

एवढं काहून लांबवून राहिले जी? ओल्या बर्फात थोडं मागे बसायचं. टोकं वर येतात, रुतत नाही, काम झालं. सगळे असेच करून राहिले.

एज_आणि_उतार

भाऊ, सगळे करतात हे खरं, आणि दुपारी सगळ्यांच्या मांड्या भरून येतात हेही खरं. मागे बसलं की टोक वर येतं, बरोबर. पण स्की वळवणारा भाग टोकाकडचाच. तो हवेत गेला की वळण शेपटीने ढकलून घ्यावं लागतं, आणि ओल्या बर्फात शेपूट ढकलणं सगळ्यात जड.

दुसरं कारण गुडघ्याचं. नितंब गुडघ्यांच्या खाली, वजन मागे, वरचं शरीर खालच्या स्कीकडे वळलेलं आणि खालच्या स्कीच्या शेपटाची आतली एज बर्फात धरली गेलेली: गुडघ्याचा एसीएल लिगामेंट तुटायची ही ठरलेली मांडणी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या संशोधकांनी ती नीट अभ्यासली आणि तिला 'फँटम फूट' नाव दिलं. अशा पिळात बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, सुटेलच असं नाही, ती प्रामुख्याने नडगीचं हाड वाचवायला बनलेली असते. तोल मागे गेलाच तर हात पुढे, पाय जवळ, स्की एकमेकींना समांतर. पडताना पाय ताठ करायचे नाहीत, आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करायची नाही. पडणं चुकवायच्या धडपडीतच बरेच गुडघे जातात.

उभं राहायची खूण सोपी. नडगी बुटाच्या जिभेला हलकी टेकलेली, वजन तळपायाच्या मधोमध. चवड्यावर नाही, टाचेवर नाही. खोल ताज्या बर्फातसुद्धा रुंद स्कीवर आता हेच शिकवतात.

अंगठ्याचंही सांगून टाकतो. पडताना पोल हातात धरून ठेवला आणि तो ओल्या बर्फात रोवला गेला की अंगठा बाहेर ओढला जातो आणि मुळाजवळचा लिगामेंट जातो. पडतोय असं वाटताच पोल सोडायचा. झाडीत पट्टा मनगटात घालायचाच नाही.

भाऊ_सदरवाले

हे फँटमचं माहीत नव्हतं बाप्पा. मागे बसणं मागे घेतो.

फुटाळ्याचा_वारा

खूप उपयोगाचं. आता वॅक्स आणि भाड्याच्या सामानाचं कोणी सांगेल का? दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं?

तळाचं_मेण

ओली स्की का चिकटते ते आधी. थंड बर्फावर स्कीखाली पाण्याचा अगदी पातळ थर असतो, तो घर्षण कमी करतो. वसंतात पाणी जास्त होतं, तळ आणि बर्फ यांच्यात सलग पापुद्रा बनतो आणि ओढ लागते. धुतलेली दोन स्टीलची ताटं एकावर एक ठेवली की सुटत नाहीत, तेच. म्हणून ओल्या बर्फात दोन गोष्टी लागतात: पाणी झटकणारं मेण आणि पाण्याला वाट देणाऱ्या तळावरच्या बारीक खाचा. खाचा जास्त महत्त्वाच्या. थंड बर्फासाठी खाचा बारीक असतात, ओल्यासाठी खोल आणि ठळक.

दुकानात स्की उलटी करा. तळ काळाभोर आणि किंचित तेलकट दिसला तर मेण आहे. पांढुरका, कोरडा, एजच्या बाजूला केसाळ झालेला दिसला तर ती स्की वसंतात घेऊ नका, दुसरी मागा. नखाने घासून बघा, बारीक रेघा जाणवल्या तर चांगलं. अगदी काचेसारखा गुळगुळीत तळ ओल्या बर्फात सगळ्यात जास्त चिकटतो. रुंदी मधोमध ८५ ते ९५ मिलिमीटरची मिळाली तर घ्या. लांबी कपाळापेक्षा जास्त नको.

मेण: पट्ट्यांवर तापमान लिहिलेलं असतं. शून्याच्या आसपास आणि वरच्या बर्फासाठी बहुतेक कंपन्या पिवळा रंग वापरतात, पण रंगावर जाऊ नका, आकडा वाचा. भाड्याच्या स्कीसाठी घासून लावायची पेस्ट पुरे. तळ फडक्याने कोरडा करा, टोकाकडून शेपटीकडे पातळ थर द्या, दहा मिनिटं थांबा, मग बुचाने किंवा नायलॉनच्या ब्रशने त्याच दिशेने घासा. तीन-चार फेऱ्या टिकतं, म्हणून डबी खिशातच ठेवा. ज्वलनशील स्प्रेचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, पेस्टच घ्या. अगदीच काही नसेल तर साधी पांढरी मेणबत्ती घासा. ती पॅराफिनच असते, एक-दोन फेऱ्या फरक कळतो, मग संपतं.

ज्यांच्याकडे स्वतःची स्की आहे त्यांनी निघण्याआधी घरी गरम मेण लावावं. वाफेच्या भोकांची कपड्यांची इस्त्री नको, तिचं तापमान वरखाली होतं. मऊ मेणाला ११० ते १२० अंश पुरतात. धूर निघाला तर इस्त्री जास्त तापली आहे. मेण थेंबथेंब टाका, इस्त्री सतत सरकती ठेवा, एका जागी थांबलात तर तळ जळतो. मग थंड होऊ द्या. पुस्तकी हिशेब अर्ध्या तासाचा, पण मार्चअखेर आपल्याकडे खोलीच ३५ च्या पुढे, मऊ मेण तिथे नीट बसतच नाही. एसीच्या खोलीत तासभर ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि ब्रश मारा. मेण तळाच्या आत राहायला हवं, वर नाही. वर राहिलेला थर धूळ धरतो.

जुनी फ्लोरिनवाली मेणं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्यांवर पूर्ण बंदी आहे, आणि तापवताना निघणारा धूर फुप्फुसांना वाईट.

वसंतात वितळणाऱ्या बर्फातून धूळ, देवदाराची सुयांसारखी पानं, परागकण सगळं वर येतं आणि तळाला चिकटतं. स्की अचानक जड वाटली तर आधी उलटी करून पुसा. मेणाला दोष नंतर.

बाइंडिंगबद्दल, कारण इथे सगळेच चुकतात. बुटाच्या तळाला ओल्या बर्फाचा गोळा चिकटतो. तसाच बूट घातला तर बाइंडिंग अर्धवट लागते आणि दुसऱ्याच वळणाला स्की निघते. मग माणूस म्हणतो सेटिंग ढिलं आहे, पिळून वाढवा. आकडा वाढवायचा नाही! प्रत्येक वेळी पोलच्या टोकाने बुटाचा तळ खरवडा, मग आधी पुढचा भाग बसवा, टाच दाबा आणि टाचेची कळ पूर्ण वर आली का बघा. सेटिंगसाठी दुकानदाराला वजन, उंची, वय, स्की करण्याची पातळी आणि बुटाच्या तळाची लांबी लागते. ती लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळच कोरलेली असते. वजन खरं सांगा. हौसेने जास्त किंवा लाजून कमी सांगितलेलं वजन गुडघ्याला भोवतं.

रामटेकच्या_पायऱ्या

थांबायचं कधी, याचं उत्तर देते, कारण वर सगळं आलं आणि तेच राहिलं.

एक खूण बुटाची. स्की काढून उभं राहा. बूट घोट्यापर्यंत आत गेला तर तीव्र उतार त्या दिवसापुरते बंद. अर्ध्या पोटरीपर्यंत गेला तर सगळे उतार बंद, चहा प्या. दुसरी खूण वरून येणाऱ्या गोळ्यांची. लिंबाएवढे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की वरचा थर पाण्याने सुटतो आहे. ते गोळे फुटबॉलएवढे व्हायला लागले की ओल्या बर्फाची घसरण जवळ आली. ती एका बिंदूतून सुटते आणि खाली पंख्यासारखी पसरते. कोरड्या हिमस्खलनापेक्षा हळू, पण काँक्रीटसारखी जड. ३० ते ४५ अंशांचे उतार, कड्यांच्या खालची जागा, उतारावर आडवी फाटलेली भेग, नाल्यावरचा बर्फाचा पूल आणि हॉटेलांच्या उतरत्या छपरांच्या खालची पायवाट: हे पाचही दुपारी टाळायचे. शेवटचं कोणी मोजत नाही, पण मार्चमध्ये छपरावरून अख्खा थर एकदम उतरतो. बर्फावर पाऊस पडला तर वेळ बघू नका, खाली या. काश्मीरसाठी हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. रोज सकाळी ते बघा, आणि गोंडोलावर गस्तवाल्यांनी काय उघडलं आहे तेही विचारा.

आता मनाचं. आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे पैसा वसूल. तिकीट काढलं, स्की दिवसभराची घेतली, प्रशिक्षकाला दिवसाचे पैसे दिले, मग चारपर्यंत घासायलाच हवं. वसंतात चांगले तास तीन-चारच असतात. नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोणी उगाच बाहेर पडत नाही आणि त्यात कोणाला दिवस वाया गेल्यासारखं वाटत नाही. तिथेही तोच हिशेब ठेवा. साडेनऊ-दहाला, कवच सुटायला लागल्यावर, पहिली फेरी. काचेवर आधी जायची घाई नको, रात्री गोठलेल्या चाकोऱ्या रुळांसारख्या असतात, स्की त्यांत अडकते. दीड-दोनला शेवटची फेरी, आणि ती कोणाच्या तोंडून "अजून एक" निघायच्या आत. मांड्या थरथरायला लागल्या, वळण उशिरा सुरू व्हायला लागलं किंवा सलग दोनदा एकाच प्रकारे पडलात, तर ती शेवटची होती. साडेतीननंतर सावली आली की तोच लगदा अर्ध्या तासात खडबडीत गोठतो, म्हणजे थकलेल्या पायांना सगळ्यात वाईट बर्फ.

पाच जणांत सगळ्यात आधी दमणाऱ्याच्या पायांवर दिवस संपवायचा. हे आदल्या रात्री ठरवा, उतारावर ठरत नाही.

ऊन: आपण ३१० मीटरवरून जातोय. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, कानांच्या पाळ्यांना, ओठांना लावा. एसपीएफ ५०, दर दोन तासांनी. उन्हात दुपट्टा बांधतो तसं तोंड झाकलं तर अर्धं काम होतं. गॉगल श्रेणी ३ चा, बाजूंनी बंद. ढगाळ दिवशी पिवळी किंवा गुलाबी काच, नाहीतर खड्डे-उंचवटे दिसत नाहीत. डोळे पोळले तर ते तिथे कळत नाही, सहा-बारा तासांनी रात्री वाळू गेल्यासारखे चुरचुरतात.

तयारीला अजून वेळ असेल तर पायऱ्या उतरा, चढण्यापेक्षा उतरणं कामाचं. रामटेक गडाच्या पायऱ्या सकाळी सातच्या आत, हळू, प्रत्येक पायरीवर दोन सेकंद गुडघा वाकवून. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं ९० सेकंद बसता आलं की ओल्या बर्फाला पाय तयार आहेत असं समजायला हरकत नाही.

फुटाळ्याचा_वारा

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: पहिल्या दिवशी बूट आतून ओले होणारच. खोलीतल्या बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, ठेवले तर चालतील ना?

तळाचं_मेण

जवळ नको. बुखारीच्या आचेने बाहेरचं प्लास्टिक आकार सोडतं आणि आतला फोम बसतो, मग पुढचे सगळे दिवस टाच आत हलत राहते. आतला मोजा-बूट बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बोळे बदला आणि बुखारीपासून दोन मीटरवर ठेवा. बुटाचं बाहेरचं कवच आतून पुसून उलटं करा. सकाळी बूट गार असताना बकल सैल लावा. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा साडेअकराच्या सुमाराला एक खाच आवळा. वरच्या दोनच. पावलावरच्या बकलला हात लावू नका, बोटं बधिर होतील.